बर्फाचा जमाखर्च

मुंबईची मासळी बोरघाट चढून लोणावळ्यास येते, ती बर्फाच्या आश्रयानें. वाटेंत पेटींतून पाणी ठिबकूं लागलें कीं मासळीवालीच्या जिवाची घालमेल होते. बर्फ सरला तर माल नासेल आणि दिवसाची कमाई बुडेल, ही तिला धास्ती. परंतु तें ठिबकणारें पाणी म्हणजे केवळ नुकसान नव्हे. वितळत असतांनाच बर्फ आपलें मुख्य कार्य करीत असतो. तें कसें, हें थोड्या गणितानें स्पष्ट होतें.

एक ग्रॅम पाण्याचें उष्णतामान एक शतमान अंशानें वाढविण्यास लागणाऱ्या उष्णतेस कॅलरी म्हणतात. बर्फास सुमारें अर्धीच कॅलरी पुरते. आतां शून्याखालीं १० अंश असलेला १०० ग्रॅम बर्फ घेतला, तर तीन हिशेब मांडावे लागतात. शून्यावर येण्यास ५०० कॅलरी. वितळण्यास, दर ग्रॅमला ८० प्रमाणें, ८,०००. आणि झालेल्या पाण्यास २५ अंशांवर येण्यास २,५००. एकूण ११,०००. मधला आंकडा सर्वांत मोठा. आणि नवल असें कीं, एवढी उष्णता पचवूनही वितळता बर्फ शून्यावरून हालत नाहीं. हिलाच अनुद्भूत उष्णता म्हणतात. ग्लासगो येथील अध्यापक जोसेफ ब्लॅक यांनीं ती सन १७६१ च्या सुमारास ओळखली.

विद्यार्थी चुकतात ते येथेंच. हाच बर्फ २५ अंशांच्या ५०० ग्रॅम पाण्यांत टाकला, तर शून्यावर येईपर्यंत तें पाणी १२,५०० कॅलरी देऊं शकतें. बर्फास वितळण्यापर्यंत ८,५०० लागतात. उरलेल्या ४,००० कॅलरी ६०० ग्रॅम पाण्यांत वांटल्या म्हणजे मिश्रण सुमारें ६.७ अंशांवर स्थिरावतें. परंतु पाणी ३०० ग्रॅमच असेल, तर त्याच रीतीनें उत्तर उणे अडीच अंश येतें! हें अर्थातच असंभवनीय. पाण्यापाशीं मुळांत ७,५०० कॅलरीच आहेत. पैकीं ५०० बर्फास शून्यावर आणण्यांत जातात, ७,००० कॅलरींनीं ८७.५ ग्रॅम वितळतो, आणि १२.५ ग्रॅम बर्फ शिल्लक राहून सर्व मिश्रण शून्यावरच थांबतें. आधीं ऐपत पाहावी, मग खर्च मांडावा, हा प्रपंचांतला नियम येथेंही लागू आहे.

लोणावळा समुद्रसपाटीहून सुमारें ६२० मीटर उंच. तेथें पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतें. बर्फ मात्र जवळजवळ शून्यावरच वितळतो. म्हणून मुंबईचें हें गणित घाटमाथ्यावरही चालतें.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील बोस्टनहून गलबतांनीं मुंबईस बर्फ येत असे. कित्येक महिन्यांच्या उष्ण प्रवासांत तो टिकला, तो ह्या ८० कॅलरींमुळें आणि भोंवतालच्या लांकडाच्या भुशामुळें. भुसा गारवा उत्पन्न करीत नाहीं. बाहेरील उष्णतेस आंत शिरण्यास विलंब लावतो. मावळांतील भाताचें तूसही हेंच काम करूं शकतें.

तेव्हां पेटी ठिबकते म्हणून मासळीवालीनें धीर सोडूं नये. मासळीभोंवतीं बर्फ शिल्लक आहे तोंवर उष्णतेचा भार तोच सोसतो. शेवटचा खडा विरघळला, कीं मात्र ११,००० पैकीं केवळ २,५०० चीच पुंजी उरते; आणि ती सरण्यास फार वेळ लागत नाहीं.