मनसा, वाचा, कर्मणा : माणसाची पारख

(चोपडा येथे पालक आणि युवक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



चोपड्याहून यावलकडे, शिरपूरकडे अथवा अमळनेरकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पहाटे धावण्याचा सराव करणारे तरुण दिसतात. कुणाला पोलीस व्हायचे असते, कुणाला सैन्यात जायचे असते. त्यांची धाव घड्याळाने मोजता येते, छाती फितीने मोजता येते. परंतु धैर्य कशाने मोजायचे? सचोटी कोणत्या मापाने मापायची? कामासाठी माणूस निवडणाऱ्या प्रत्येकाला, मग तो राजा असो वा कारखानदार, हा प्रश्न पडलेला आहे.

आर्य चाणक्यांनी अर्थशास्त्राच्या पहिल्याच अधिकरणात या प्रश्नाचा विचार केला आहे. अमात्यांची पारख करण्यासाठी त्यांनी चार 'उपधा' सांगितल्या : धर्म, अर्थ, काम आणि भय. गुप्तपणे प्रलोभन दाखवावे किंवा धाक घालावा आणि माणूस ढळतो का, ते पाहावे. अर्थाच्या कसोटीस उतरलेल्याकडे महसूल आणि कोषागार सोपवावे, धर्माच्या कसोटीस उतरलेल्याकडे न्यायदान, भयाच्या कसोटीस उतरलेल्याला राजाच्या निकटची कामे द्यावीत आणि चारही कसोट्यांवर शुद्ध ठरलेल्याला मंत्री करावे. यातील मर्म असे की, योग्यता ही नेहमी विशिष्ट कामाच्या संदर्भात पाहावयाची असते. त्याच ठिकाणी एक इशाराही आहे. निर्दोष माणसाला परीक्षेच्या निमित्ताने बिघडवणे म्हणजे स्वच्छ पाण्यात विष कालवणे होय. परीक्षकाचीही मर्यादा असते, हे त्या काळी ओळखले गेले होते.

तथापि 'आमच्याकडे सारे पूर्वीच होते' असे म्हणून थांबणे उचित नव्हे. आधुनिक मानसशास्त्रीय चाचणीचा पाया 1905 साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी घातला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने सतरा लाखांच्या आसपास सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या. त्या निष्कर्षांचा आधार घेऊन काही मानवसमूह जन्मतःच मंद असल्याचा डांगोरा पिटला गेला. प्रत्यक्षात अनेक प्रश्न अमेरिकन जीवनाची माहितीच तपासणारे होते. नवख्या स्थलांतरिताला ते सुटले नाहीत, यात त्याच्या बुद्धीचा दोष नव्हता.

अशाच आंधळेपणाचा अनुभव महाराष्ट्रानेही घेतला आहे. इंग्रजांनी 'लढाऊ जाती' अशी कल्पना रूढ केली आणि पिढ्यान्‌पिढ्या तलवार गाजवणाऱ्या महार समाजाची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली. ही माणसाची पारख नव्हती, जन्माच्या दाखल्यावर मारलेला शिक्का होता. 1941 साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या जवानांच्या पराक्रमाने तो शिक्का खोटा ठरवला. ज्या समाजाला समरस व्हायचे आहे, त्याने जात न विचारता गुण विचारणारी पद्धतच स्वीकारली पाहिजे.

अशी पद्धत आपल्या सैन्यदलांत आहे. ब्रिटनमध्ये 1942 साली अधिकारी निवडीची नवी मंडळे निघाली आणि 1943 साली डेहराडूनला तसे प्रायोगिक मंडळ स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर 1949 पासून भारतीय मानसशास्त्रज्ञांनी या क्षेत्रात संशोधन चालवले असून, संरक्षण मानसशास्त्रीय संशोधन संस्था हे काम पाहते. आज निवड मंडळापुढे उमेदवार पाच दिवस राहतो. चित्र तीस सेकंद पाहून चार मिनिटांत गोष्ट लिहायची, साठ शब्दांपैकी प्रत्येकावर पंधरा सेकंदांत मनात आलेले वाक्य लिहायचे, तीस मिनिटांत साठ प्रसंगांना उत्तरे द्यायची. मानसशास्त्रज्ञ हे लिखाण तपासतो, दुसरा अधिकारी मुलाखत घेतो आणि तिसरा मैदानावर गटातील वागणूक पाहतो. तिघेही स्वतंत्रपणे पंधरा गुणांचा शोध घेतात. या त्रिविध पद्धतीला तेथे 'मनसा, वाचा, कर्मणा' असेच म्हटले जाते. विचार, उच्चार आणि आचार यांचा मेळ बसतो का, एवढेच ती पाहते.

म्हणून तयार उत्तरे पाठ करून घेणाऱ्या शिकवण्यांचा फारसा उपयोग होत नाही. कागदावर शूर असणारा मैदानावर मागे राहिला, तर विसंगती लपत नाही. उलट ज्याने खेळात संघ बांधला, संकटात शेजाऱ्याला हात दिला, शाखेत वा गणेश मंडळात जबाबदारी पेलली, त्याची उत्तरे त्याच्या जगण्यातूनच येतात.

पुण्यात 1962 साली डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. अप्पा स्वतः मानसशास्त्रज्ञ होते. तेथे चाचण्यांद्वारे बुद्धिमान विद्यार्थी निवडले गेले, परंतु निवड हे साध्य मानले गेले नाही. त्या बुद्धीला देशकार्याचे वळण लावणे हा हेतू होता. चाचणी दार उघडते, पुढची वाटचाल संस्कारांवर आणि परिश्रमांवर होते.

आज खासगी कंपन्याही संगणकावर व्यक्तिमत्त्व चाचण्या घेतात. त्यांबाबत पालकांनी दोन शब्द ध्यानात ठेवावेत : विश्वसनीयता आणि सप्रमाणता. केळीचा घड दहा वेळा तोलला आणि काट्याने दहाही वेळा दोन किलो जास्त दाखवले, तर तो काटा सातत्याने एकच वजन सांगतो, पण खरे सांगत नाही. चाचणीचेही तसेच आहे. शिवाय महानगरातील इंग्रजी भाषिकांवरून ठरवलेली मानके घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला जशीच्या तशी लावली, तर त्याची भाषा मोजली जाईल, योग्यता नव्हे. भारतीय भाषांत, भारतीय जीवनावर आधारित चाचण्या निर्माण होणे ही राष्ट्रीय गरज आहे.

शेवटी, नाकारला गेलेला मुलगा घरी परततो, तेव्हाच कुटुंबाची खरी परीक्षा असते. 'वशिला नव्हता म्हणून राहिला' असे म्हटले, की त्याचा व्यवस्थेवरचा विश्वास उडतो. 'तू नालायकच' असे म्हटले, की स्वतःवरचा उडतो. दोन्ही वाक्ये असत्य आहेत. निवड मंडळ एका कामासाठी, त्या क्षणीची योग्यता पाहते, जीवनाचे मूल्य ठरवत नाही. पात्रतेच्या अटींत बसणाऱ्याला पुन्हा जाण्याची मुभा असते. 2022 पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश मिळत आहे. तेव्हा हा विचार प्रत्येक घराने करावा.

सातपुड्याच्या पायथ्याशी गुणांची वाण नाही. मुलांना लहान वयात निर्णय घेऊ द्यावेत, चुका करू द्याव्यात, चारजणांना सोबत घेऊन काम करू द्यावे. मन, वाणी आणि कृती एक असलेली पिढी घरातच घडते. चाचणी केवळ तिची नोंद घेते.