पणजीचं नाव काय होतं?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात सात रस्ता, सोलापूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दी अंकात पहिल्या पिढीच्या वारकऱ्यांची नावे छापायची असं ठरलं आणि आम्ही दिंडीच्या जुन्या वह्या बाहेर काढल्या. पुरुषांची नावे बऱ्यापैकी लागली. बायांच्या जागी मात्र ‘थोरली बाई’, ‘मिलवाल्यांची आजी’, ‘तुळजापूरकरीण’, एवढंच. सोलापुराहून पंढरपूर सत्तर किलोमीटरच्या वर. तेवढं चालून मुक्कामावर सगळ्यांसाठी भाकरी थापणारी बाई, आणि तिचं नाव वहीत नाही! मग घरोघर विचारत निघालो. आजोबांचं नाव सगळ्यांना येतं, पणजोबांचं निम्म्यांना, पणजीचं अगदी थोड्यांना.

पुष्कळ जण म्हणाले, सरकारनं खानेसुमारी केली होती की, तिथं बघा. बरोबर आहे. 1872 पासून आपल्याकडे शिरगणती होते, 1881 पासून 2011 पर्यंत ती दर दहा वर्षांनी झाली. पण त्यातून छापून राहिले ते तक्ते. गावात घरे किती, माणसे किती, धंदा काय. घरोघर लिहिलेले जुने कागद कोणी जपले नाहीत. 1948 च्या कायद्यानं तर एका घराची माहिती दुसऱ्याला दाखवताच येत नाही. विलायतेत शंभर वर्षांनी ते कागद खुले करतात, 1921 चे 2022 साली खुले झाले. तिकडच्या माणसाला पणजोबा घरबसल्या सापडतो. आपल्याला पायपीट करावी लागते, आणि पायपिटीची आपल्याला सवय आहेच.

तरी ते तक्ते वाया नाहीत. 1921 च्या मोजणीत सगळ्या देशाची माणसं दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी घटलेली दिसतात. मधे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ होऊन गेली होती. ज्या घरात त्या सुमाराला एक पिढी एकदम तुटलेली दिसते, तिथं कारण शोधायला लांब जायला नको. गावोगावचे आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकांत मिळतात. 1884 चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे. आपल्या शहरातल्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत जाऊन अशा पुस्तकांची चौकशी करावी. ग्रंथपालाला गावाचं नाव आणि साल सांगितलं की त्याचंही काम सोपं होतं.

नाव मात्र दुसरीकडे मिळतं. तहसिलात गाव नमुना 14, म्हणजे जन्ममृत्यूची नोंद. त्यालाच जुनी माणसं कोतवाल बुक म्हणतात. जमिनीचे फेरफार, शाळेचं जनरल रजिस्टर. जुनं असेल ते मोडीत. त्यात दोन शब्द ओळखायला शिका: ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. नवरा वारल्यावर जमीन बाईच्या नावावर लागली असेल, तर फेरफारात ‘कोम’च्या आधी तिचं स्वतःचं नाव असतं. आमच्या मते बायांची नावे शोधायला यासारखा कागद नाही. ज्यांचं मूळ गाव तुळजापूर, नळदुर्ग, उमरग्याकडे, त्यांनी ध्यानात ठेवावं की तो मुलूख 1948 पर्यंत निजामाचा. तिकडचे कागद उर्दूत निघायचे. मोडीवाला बरोबर नेलात आणि कागद उर्दू निघाला तर खेप फुकट.

2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली तेव्हा हीच दप्तरं उघडली गेली, आणि मोडी वाचणारी माणसं किती थोडी उरलीत ते सगळ्यांना कळलं. दाखल्यासाठी शोध घेणाऱ्यांनी जरूर घ्यावा. आपल्या दिंडीच्या वहीत मात्र जातीचा रकानाच नाही. तो आपण आताही घातलेला नाही.

आता पंढरपूर. चंद्रभागेवर विधी करणाऱ्या क्षेत्रोपाध्यांच्या घरी यात्रेकरूंच्या वह्या आहेत. त्र्यंबकेश्वरी, नाशकातही आहेत. गाव आणि आडनाव सांगायचं, पान निघालं तर कोण कधी आला, बरोबर कोण होतं, ते दिसतं. आणि आपल्या सीमाभागात हेळवी येतात. कुळांच्या पिढ्या सांगणं हेच त्यांचं काम. पूर्वी बैलावर बसून यायचे. हेळवी दारात आला की त्याला सुपातलं धान्य घालून घालवून देऊ नका. बसवा, पाणी द्या, ऐका, लिहून घ्या.

‘मिलवाल्यांची आजी’ अशीच सापडली. घरच्यांना एवढंच ठाऊक, की दुष्काळात निजामाकडून आलो आणि जुन्या मिलमध्ये लागलो. थोरल्या मुलाच्या शाळेच्या रजिस्टरात जन्मगाव मिळालं. त्या गावाच्या नावानं पंढरपुरात वही निघाली. नवऱ्याच्या अस्थी घेऊन ती एकटी आली होती, आणि पुढं ‘कोम’च्या आधी तिचं नाव. तिची नात आज ऐंशीच्या पुढं आहे. तिनं ते नाव आमच्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग म्हणाली, “माझ्या थोरल्या बहिणीला हेच नाव ठेवलं होतं. का ठेवलं ते कुणी सांगितलं नाही.”

देहूच्या मोरे घराण्यात विश्वंभरबाबांबरोबर आमाबाईंचं, बोल्होबांबरोबर कनकाईंचं नाव आजही घेतात. आपल्या यादीत अजून बऱ्याच ओळी कोऱ्या आहेत. त्या आम्ही अंकात तशाच कोऱ्या छापतोय. घरात म्हातारं माणूस असेल तर कागद शोधायच्या आधी त्याला विचारा. जुने कागद असतील ते येत्या एकादशीला भजनाआधी घेऊन या. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही, तिथंच फोटो काढून परत देऊ.