गवा ‘शिरला’ की रस्ता तुटला?

९ डिसेंबर २०२०ची सकाळ पुणेकरांना आठवत असेल. कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा दिसला. काही तास गर्दी त्याच्या मागे, हातात मोबाईल. शेवटी बेशुद्ध करून पकडला, आणि तो मेला. आपण सगळे म्हणत होतो, गवा शहरात ‘शिरला’. बाहेरचा, घुसलेला... हे शब्द आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत, म्हणून मी तिथे अडखळलो.

मग कॉलेजच्या मुलांना घेऊन खडकवासल्याला गेलो. धरणाच्या काठावर धोबी पक्षी शेपट्या हलवत होते, पलीकडे कणसं-भजीची रांग आणि तिचा कचरा. मुलांना दाखवायचं होतं ते त्यामागचं हिरवं. एनडीए १९५५पासून इथे आहे. हजारो एकर जमीन कुंपणाआड गेली, तिथे प्लॉट पडले नाहीत, म्हणून जंगल टिकलं. बंदुकांच्या शाळेने झाडं राखली, गंमतच आहे!

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मुलांना ग्राफ काढायला लावला. बिंदू म्हणजे एनडीएचं जंगल, सिंहगडाची डोंगररांग, बावधन-पाषाणच्या टेकड्या, वेताळ टेकडी. बिंदू भराभर सापडले. रेषा काढताना पेन्सिली थांबल्या. मध्ये मुंबई-बेंगळुरू महामार्ग, चांदणी चौक, सोसायट्यांच्या भिंती. एका बिंदूत जंगल कितीही दाट असो, रेषा तुटली की तिथले प्राणी अडकले. जोडीदार, पाणी, चारा, सगळं त्या कुंपणातच शोधायचं.

उरलेल्या रेषा बहुतेक ओढ्यांच्या आहेत. रस्त्याखालच्या मोऱ्या मोजताना एक मुलगी म्हणाली, “भाई, यातून मुंगूस जाईल. गवा कसा जाणार?” आराखडा करणाऱ्यांना विचारायचा प्रश्न हाच. वेताळ टेकडीवरून बालभारती-पौड फाटा रस्ता काढायचा प्रस्ताव आहे, तिथेही हाच. गाड्यांची रेषा जोडताना कुणाची रेषा तुटते, ते नकाशावर काढतच नाहीत.

आणि त्याच डिसेंबरात, २२ तारखेला, बावधन भागात दुसरा गवा आला होता. या वेळी गर्दी लांब ठेवली. तो जंगलाकडे परत गेला. प्राणी तोच, शहर तेच, फरक तेरा दिवसांचा.

येत्या रविवारी राम नदीच्या काठाने बावधन ते पाषाण चालायचं आहे. वही, पाण्याची बाटली आणि मोजपट्टी आणा. मोऱ्यांची रुंदी लिहून घ्यायची आहे.