डेमो बाइक घ्यावी का?

आजचा विषय माझ्याच खिशाचा आहे. भिवंडीत कल्याण नाक्यावरून मानकोलीच्या गोदामात रोजची ड्युटी, त्यामुळे बाइक हवीच. शोरूमवाला म्हणतो, "डेमोची गाडी घ्या, बारा हजार कमी करतो. नवीच समजा."

नवी कशी समजू? मीटरवर १,९०० किलोमीटर. सुरुवातीला इंजिन जपून चालवायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच ते दहा जणांनी पिळलंय. क्लच, चेन, टायर आपला मेकॅनिक बघेल, ते एक वेळ चालेल.

खरी गोम आरसीत आहे. मी आरसी मागितली, तर गाडी डीलरच्या नावावर! म्हणजे मी दुसरा मालक. आरसीची १५ वर्षं त्यांच्या नोंदणीपासून मोजणार, उद्या विकताना भावही कमी येणार. वर फॉर्म २९ आणि ३० भरून ट्रान्सफर, १४ दिवसांत इन्शुरन्स कंपनीकडे अर्ज.

म्हणून माझं ठरलंय. भाव सेकंड-हँडचा, ट्रान्सफरचा खर्च त्यांचा, उरलेली वॉरंटी लेखी. हे जमलं तर घेईन, नाहीतर दोन महिने अजून शेअर रिक्षा.

तुम्ही काय केलं असतं? व्हॉइस नोट पाठवा!