दोघांचा प्रवास, लेखणी एकाची

जगप्रदक्षिणा करून आलेल्या जोडप्यांची वर्णने आपण आवडीने वाचतो, आणि वाचताना धरून चालतो की दोघांनी पाहिले तेच आपल्यापुढे आले आहे. असे पुस्तक हाती आले की आधी एक चौकशी करावी. लिहायला कोण बसले होते, आणि त्या वेळी दुसऱ्याचे हात कशात गुंतले होते? प्रवासात कोणाला काय दिसले हे त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या वाट्याला आलेल्या कामावर जास्त अवलंबून असते, असे माझे म्हणणे आहे.

ॲनी आणि थॉमस ब्रासी या इंग्रज जोडप्याचे उदाहरण घेऊ. 1876 च्या जुलैमध्ये ‘सनबीम’ या स्वतःच्या जहाजातून, मुले, पाहुणे आणि खलाशी धरून चाळीसहून अधिक माणसांसह ते निघाले आणि 1877 च्या मे महिन्यात परतले. थॉमस पार्लमेंटचे सभासद होते. व्यापारी जहाजाच्या कप्तानाची परीक्षा ते रीतसर उत्तीर्ण झाले होते, तेव्हा जहाज चालवणे हा त्यांच्यासाठी श्रीमंती छंदापुरता मामला नव्हता. ॲनीबाईंना बोट लागायची. तरी रोजनिशी त्या नेटाने लिहीत आणि घरी धाडत. तिच्यातूनच 1878 साली त्यांचे गाजलेले पुस्तक झाले. थॉमस यांनीही परतल्यावर ‘टाइम्स’ला पत्र लिहून सफरीचा आढावा दिला. सुमारे 35 हजार मैलांपैकी किती शिडावर कापले, किती वाफेवर, हा त्या पत्राचा जीव. पुस्तकात मात्र बाजार, घरे, पाहुणचार आणि मुलांची आजारपणे भरून राहिली आहेत. जहाज तेच आणि बंदरेही तीच. नवऱ्याने समुद्र पार करण्याचा हिशेब ठेवला, बायकोने जहाजावर संसार कसा चालला ते लिहून ठेवले. आपल्याकडे दुसरा कागद शिल्लक आहे म्हणून हे कळते तरी. बहुतेक जोडप्यांच्या बाबतीत तो नसतोच.

यावर कोणी म्हणेल, ही धनिकांची गोष्ट. नोकरचाकर हाताशी असले की कामाची वाटणी आपोआप होते. मग लिन आणि लॅरी पार्डी पाहा. अवघ्या 24 फुटांची ‘सेराफिन’ ही लाकडी होडी त्यांनी स्वतः बांधली, तिला इंजिन बसवले नाही, नोकर तर सोडाच. 1968 मध्ये निघालेली ही मंडळी तिच्यातून पृथ्वीला वळसा घालून आली. इथे सगळी कामे दोघांनाच करायची होती, तरी वाटणी झालीच. पुस्तकांवर दोघांची नावे असली तरी त्या सफरींची कथा सांगणारा आवाज मुख्यतः लिनचा आहे. लॅरीने आपल्या नावावर पुस्तक काढले ते होडीबांधणीचे. लाकडाचा सांधा आतून कुजतो आहे की नाही, ही ज्याची रात्रंदिवसाची काळजी, त्याला किनाऱ्यावरचे गाव लिनला दिसले तसे दिसले असेल का?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वर्षानुवर्षे एकत्र फिरलेल्या माणसांची नजरही एक होते, मग एकाने सांगितले काय नि दुसऱ्याने सांगितले काय! काही अंशी हे मला मान्य आहे. पण एक झालेली नजरही ज्याच्या तोंडून बाहेर पडते त्याच्या वळणाने पडते. जर्मनीचे गुंथर होल्टॉर्फ आणि त्यांची पत्नी क्रिस्टीन यांनी ‘ओटो’ नावाच्या मर्सिडीज गाडीतून सुमारे वीस वर्षे जग पालथे घातले. झोपणे गाडीतच, स्वयंपाकही गाडीपाशीच. 2010 मध्ये क्रिस्टीन कर्करोगाने गेल्या. त्यांच्या इच्छेनुसार गुंथर यांनी प्रवास 2014 पर्यंत पुढे चालवला. गाडी जवळजवळ नऊ लाख किलोमीटर धावली आणि आज ती श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात आहे. जगभर कौतुक झाले ते या आकड्यांचे आणि गाडीच्या टिकाऊपणाचे. ज्या बाईने उमेदीची वर्षे त्या गाडीत काढली, तिला वाळवंट कसे वाटले, हे या कौतुकात जवळपास ऐकूच येत नाही.

पण वाचकाला प्रवास हवा असतो, घरकामाची वाटणी कशाला, असेही विचारले जाईल. चार आठवड्यांच्या सहलीपुरता हा प्रश्न रास्त आहे. वर्षानुवर्षांच्या प्रवासात मात्र पाणी भरणे, व्हिसाच्या रांगा, औषधे, दुरुस्त्या आणि उरलेल्या पैशांचा हिशेब यांतच दिवस सरतो. स्थलदर्शन उरल्यासुरल्या वेळात. दीर्घ प्रवास हा फिरता संसारच असतो, आणि तो कोणी कसा उचलला हे वगळले तर मुख्य गोष्टच वगळली जाते. आपल्याकडे ‘अपूर्वाई’ वाचताना तरी कितीजणांनी विचारले असेल की लेखकाबरोबर असलेल्या त्यांच्या पत्नी सुनीताबाईंची युरोपवारी कशी झाली? कोचीत चहाचे दुकान चालवून, कर्ज काढून देशोदेशी गेलेले विजयन आणि मोहना यांच्या बाबतीत योग वेगळा आला. त्यांच्यावर लघुपट निघाला, त्यामुळे दोघेही डोळ्यांपुढे येतात. कॅमेऱ्यापुढे दोघांना शेजारी बसता येते. कागदावर ते कठीण.

शेवटी पुन्हा ब्रासींकडे वळू. हे दांपत्य 1887 मध्ये हिंदुस्थानात आले. हैदराबाद, पुणे, मुंबई करून गोव्याच्या वाटेने ते पुढे ऑस्ट्रेलियाला गेले. परतीच्या वाटेवर सप्टेंबरमध्ये ॲनीबाई मलेरियाने वारल्या आणि त्यांचा देह समुद्रातच सोडण्यात आला. त्यांची रोजनिशी 1889 मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा घरापर्यंतचा उरलेला प्रवास थॉमस यांच्या टिपणांवरून पुरा करावा लागला.