नाण्यांवरील राजमुखें आणि देवचिन्हें

वृत्तपत्र नव्हतें, छापखाना नव्हता, ध्वनिक्षेपण तर स्वप्नांतही नव्हतें, अशा काळीं राजाचें नांव प्रजेच्या घरोघर कसें पोंचत असे? या प्रश्नाचें उत्तर तळहातावर मावणाऱ्या नाण्यांत सांपडतें.

प्राचीन रोमच्या बाजारांत किरकोळ देवघेव कांशाच्या व तांब्याच्या नाण्यांनीं चाले. त्यांच्या एका बाजूस सम्राटाचें मुख, तर दुसऱ्या बाजूस देवता, मंदिर अथवा विजयाचें चित्र असे. नीरोच्या कांहीं नाण्यांवर जेनस देवाच्या मंदिराचीं मिटलेलीं द्वारें आहेत. तीं मिटलीं म्हणजे राज्यांत सर्वत्र शांतता, असा तेथील संकेत होता. इ. स. ७० मध्यें जेरुसलेम पडलें आणि व्हेस्पासियनच्या नाण्यांवर खजुरीच्या झाडाखालीं शोक करणारी स्त्री आली. ती जिंकलेल्या यहुदी देशाची प्रतिमा होय. निरक्षरासही या चित्रांचा अर्थ कळे.

रोमचीं सोन्याचांदीचीं नाणीं गलबतांतून भडोचच्या बंदरांत येत, असें ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथावरून समजतें. त्याच ग्रंथांत सोपारा, कल्याण व त्यांच्या दक्षिणेकडील कोंकणचीं बंदरेंही उल्लेखिलीं आहेत. या प्रदेशाचा एक सत्ताधीश क्षहरात नहपान. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचें मुख व ग्रीक अक्षरें, आणि मागें बाण व वज्र यांसह ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत.

पुढें सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा पराभव केला. त्यानें तीं नाणीं आटविलीं नाहींत. नहपानाच्या मुखावरच चैत्याचें चिन्ह व स्वतःचें नांव ठोकून तीं पुन्हा चालू केलीं. राज्य कोणाचें, हें बाजारांतील प्रत्येक हातास कळलें.

१९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें अशा नाण्यांचा ठेवा सांपडला. नाणीं १३ हजारांहून अधिक, आणि त्यांपैकीं ९ हजारांहून अधिक गौतमीपुत्रानें पुन्हा ठोकलेलीं. क्षहरातांचा वंश आपल्या पुत्रानें निर्मूळ केला, असें गौतमी बलश्रीनें नाशिकच्या लेण्यांत कोरविलें आहे. त्या वचनास या नाण्यांनीं साक्ष दिली.

तीं नाणीं सोनाराच्या मुशींत गेलीं असतीं, तर चांदी उरली असती. साक्ष मात्र बुडाली असती. रत्नागिरीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या नांगराला उद्यां गंजलेलें तांब्याचें नाणें लागलें, तर त्यानें तें चिंचेनें घासूं नये, तांबटाकडेही नेऊं नये. जागा ध्यानांत ठेवून जिल्हाधिकाऱ्यास कळवावें. नाण्याची किंमत धातूंत थोडी आणि ठशांत फार असते.