आठव्या सर्किटचा वकील



मराठी घरांत अब्राहम लिंकन पोहोचला तो वसंत बापटांच्या शब्दांतल्या ‘हेडमास्तरांस पत्रा’मुळे. त्या पत्राचे मूळ लिंकनच्या कागदपत्रांत सापडत नाही. वकिलांच्या परिषदेने ओळख करून घ्यावी ती दुसऱ्या लिंकनची. राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी सुमारे 25 वर्षे हा माणूस इलिनॉयच्या कोर्टांत उभा राहिला, आणि ऐन उमेदीची वर्षे राज्याच्या विधिमंडळात बसला.

न्यू सेलम हे सांगामन नदीकाठचे लाकडी घरांचे खेडे. तिथे लिंकनचे दुकान बुडाले आणि डोक्यावर कर्ज राहिले. पोटासाठी त्याने पोस्टमास्तरकी केली, जमिनी मोजल्या. 1832 ची पहिली निवडणूक तो हरला; पण स्वतःच्या गावात पडलेल्या 300 मतांपैकी 277 त्याची होती. 1834 मध्ये तो निवडून आला, आणि पुढे लागोपाठ तीनदा. जॉन टॉड स्टुअर्ट या वकील आमदाराने त्याला कायद्याची पुस्तके वाचायला दिली. शाळेत जेमतेम वर्षभर बसलेल्या या माणसाने ब्लॅकस्टोनचा कायद्यावरचा ग्रंथ एकट्याने वाचून काढला. 1836 मध्ये सनद मिळाली आणि पुढच्या वर्षी तो स्प्रिंगफील्डला स्टुअर्टचा भागीदार झाला.

इलिनॉयचे आठवे सर्किट म्हणजे फिरते कोर्ट. वसंतात आणि शरदात न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस गावोगाव निघत आणि मागोमाग वकिलांचा तांडा. वाट चिखलाची, नद्यांना पूल क्वचितच. रात्री खाणावळीत एका खाटेवर दोघे. गावात पोचताच पक्षकार गाठ घेत आणि काही तासांत केस उभी करावी लागे. लिंकनचे कागद बऱ्याचदा त्याच्या उंच टोपीतच असत. स्प्रिंगफील्डच्या कचेरीत कागदांचा एक गठ्ठा होता. दुसरीकडे कुठे सापडले नाही तर यात पाहा, अशी सूचना त्यावर त्याने स्वतः लिहून ठेवली होती. नंतरचा भागीदार विल्यम हर्नडन वयाने लहान, तरी फीची वाटणी निम्मी-निम्मी. कामे बहुतेक उधारी-वसुलीची. शक्य तिथे तडजोड घडवावी, असे लिंकनने वकिलांसाठी काढलेल्या टिपणात लिहिले आहे.

विधिमंडळात मात्र तो पक्का राजकारणी होता. 1837 मध्ये राजधानी वँडालियाहून स्प्रिंगफील्डला आणण्यात त्याचा मोठा हात होता. रेल्वे आणि कालव्यांच्या सुमारे 1 कोटी डॉलरच्या योजनेचाही तो खंदा समर्थक. त्याच वर्षी मंदी आली आणि पुढे राज्याला कर्जाचे व्याजही भागवता येईना. त्या कर्जाच्या जबाबदारीतला लिंकनचा वाटा नाकारता येत नाही.

राजधानीचा निर्णय झाला त्याच अधिवेशनात गुलामगिरीविरोधी चळवळीचा निषेध करणारा ठराव सभागृहाने 77 विरुद्ध 6 मतांनी संमत केला. लिंकन त्या सहांत होता. राजधानीचा प्रश्न सुटल्यावर, 3 मार्च 1837 रोजी, त्याने आणि डॅन स्टोन या सहकारी आमदाराने आपला निषेध नोंदवला: गुलामगिरी अन्यायावर आणि चुकीच्या धोरणावर उभी आहे. भाषा सावध होती. राज्यांमधल्या गुलामगिरीत काँग्रेसला हात घालता येत नाही, आणि चळवळीच्या प्रचाराने दुष्परिणाम वाढतात, हेही त्यातच होते. तरीही 28 वर्षांच्या आमदाराने हे कामकाजात लिहून ठेवणे, मतदारांची नाराजी पत्करून, ही साधी गोष्ट नव्हती.

आता दोन खटले शेजारी ठेवून पाहू.

नॅन्स या कृष्णवर्णीय तरुणीच्या विक्रीपोटी बेली नावाच्या खरेदीदाराने क्रॉमवेल या विक्रेत्याला वचनचिठ्ठी लिहून दिली होती. आपण स्वतंत्र आहोत असे म्हणत नॅन्स निघून गेली. क्रॉमवेलच्या मृत्यूनंतर वसुलीचा दावा लागला आणि खालच्या कोर्टात बेली हरला. 1841 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बेलीतर्फे लिंकन उभा राहिला. 1787 चा वायव्य प्रदेशाचा वटहुकूम आणि राज्यघटना यांच्या आधारे, या भूमीत माणूस स्वतंत्र असल्याचेच गृहीत धरावे लागते, हे न्यायालयाने मान्य केले. वचनचिठ्ठी रद्दबातल ठरली.

सहा वर्षांनी, 1847 मध्ये, कोल्स काउंटीत तोच लिंकन रॉबर्ट मॅटसन या गुलाममालकातर्फे उभा होता. मॅटसनने केंटकीहून जेन ब्रायंट आणि तिची चार मुले इलिनॉयच्या शेतावर आणली होती. परत नेले जाण्याच्या भीतीने ते कुटुंब पळाले. पुढे त्यांना तुरुंगात डांबले गेले. ही माणसे इथे केवळ हंगामापुरती आली आहेत, असा युक्तिवाद लिंकनने केला. तो हरला आणि ब्रायंट कुटुंब मुक्त झाले.

वकिलाने पक्षकार निवडू नये, असे म्हणून हा खटला झाकता येतो. झाकू नये. कोर्टात लिंकनची जीभ पक्षकाराची होती. सभागृहात ती त्याची स्वतःची होती. 1837 च्या निषेधात त्याने स्वतःचे मत मांडले आणि 1854 मध्ये नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी करणारा कायदा झाल्यावर तेच मत घेऊन तो राज्यभर बोलत फिरला. जेनच्या मुलांच्या विरोधात बोललेला वकील त्या भाषणांमागे होता, हे कळल्याशिवाय त्याचा प्रवास कळत नाही.

हे सारे आज तपासता येते, कारण 1985 पासून इलिनॉयमधल्या संशोधकांनी काउंटी कोर्टांची दप्तरे धुंडाळून त्याच्या 5,000 हून अधिक प्रकरणांचे कागद गोळा केले. आपल्या तालुका कोर्टांतही जुने दावे, कैफियती आणि साक्षी कसरीच्या तोंडी पडून आहेत. जिल्हा वकील संघांनी न्यायालयांच्या परवानगीने, येत्या अधिवेशनापूर्वी, निदान एका जुन्या कोर्टाच्या दप्तराची यादी करून घ्यावी, असा ठराव या परिषदेने आजच मंजूर करावा.